भुकटीची मुदत : हीनवीर्य कीं विषारी?

गेल्या वैशाखांत पारनेर तालुक्यांतील आमच्या एका आप्तांच्या घरीं जाण्याचा योग आला. उन्हाचा ताव मोठा होता. पाहुण्यांस कांहीं थंड द्यावें म्हणून घरच्या सूनबाईंनीं फडताळांतून सरबताच्या भुकटीचें एक पाकीट व दुधांत घालून पिण्याच्या माल्टच्या भुकटीचा एक डबा काढला. पाकीट फोडलेलें नव्हतें, परंतु त्यावरील मुदत चार महिन्यांमागें संपली होती. डब्याची मुदत त्याच्याहि आधीं संपलेली होती. दोन्ही वस्तु टाकून देण्यासाठीं सूनबाई निघाल्या, तोंच ओसरीवर बसलेल्या वृद्ध सासूबाईंनीं त्यांस हटकलें : "अगं, हाताला कोरडं लागतंय ना? वास आलाय का? मग टाकतीस कशाला?" सूनबाई म्हणाल्या, "आत्याबाई, तारीख उलटलीय त्याची. लेकरांच्या पोटात गेलं आणि काही झालं म्हंजे?" मग दोघीहि आमच्याकडे पाहूं लागल्या.

आम्हीं काय निकाल दिला तें शेवटीं सांगूं. प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे, हें आम्हांस मान्य आहे. तथापि त्याच्या एका बाजूस अन्नाची नासाडी आहे व दुसऱ्या बाजूस लेकराचा जीव आहे. आणि ज्या जिल्ह्यांतील माणसांनीं एकाच आयुष्यांत दुष्काळांतील सुकडीहि खाल्ली व रस्त्यावर ओतलेलें दूधहि पाहिलें, त्या जिल्ह्यांत तरी तो क्षुल्लक म्हणून सोडून देतां येत नाहीं. २०२४ सालापासून अहमदनगर जिल्ह्यास अहिल्यानगर हें नांव मिळालें आहे. जुन्या काळाविषयीं लिहितांना आम्हीं जुनें नांव योजिलें आहे, एवढें येथें नमूद करून ठेवतों.

पाण्यांत अगर दुधांत कालवून पिण्याची भुकटी ही पाश्चात्यांनीं आपणांस दिलेली नवी वस्तु आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. गहूं व हरभऱ्याची डाळ भाजून दळलेलें सातूचें पीठ गूळपाण्यांत कालवून उन्हाळ्यांत घेण्याची चाल महाराष्ट्रांत फार जुनी आहे. नगर जिल्ह्याच्या कोरडवाहू गांवांतून हुलग्याचें पीठ बाळगितात व त्याचें ऊन ऊन माडगें करून पितात. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यांत नाचणी पिकते. ती भिजवून, मोड आणून, वाळवून व दळून केलेलें सत्त्व तान्ह्या मुलांस शिजवून देतात. आजच्या डब्यांतील माल्ट म्हणजे मोड आणून वाळविलेलें धान्यच होय. तेव्हां आमच्या घरच्या नाचणीच्या सत्त्वाचें व त्या झकपक डब्याचें नातें दिसतें त्याहून बरेंच जवळचें आहे.

या पिठांवर तारीख लिहिलेली नसे, परंतु त्यांस मुदत मात्र असे. उन्हाळ्याचें पीठ मृगाच्या आंत संपवावयाचें, एका वेळीं बेताचेंच दळावयाचें, डब्यांत ओला हात घालावयाचा नाहीं, हे नियम कोणी शिकविल्यावांचून लेकी-सुना शिकत. पावसाळा लागला म्हणजे हवेंत ओल भरते, पिठांत जाळीं होतात, तें कडवटतें, हा अनुभव त्यांच्या मुळाशीं होता. म्हणजे ही मुदत दिवसांनीं मोजलेली नव्हती. ती ऋतूनें ठरविलेली होती. धान्याच्या सांठ्यासहि हाच न्याय लागू असे. ज्वारी सांठविण्यासाठीं या मुलुखांत जमिनींत पेवें खणीत. कोरड्या जागीं खणलेल्या व तोंड लिंपून घेतलेल्या पेवांतील ज्वारी दीर्घकाळ टिके; मात्र कडेच्या ज्या दाण्यांस ओल लागे ते काळवंडून जात. पेव उघडणारा शहाणा माणूस ज्वारी किती सालांची, हें विचारीत बसत नसे. ओल कोठवर शिरली आहे, हें तो प्रथम पाही.

या गोष्टीचा विचार आमच्या वैद्यकानेंहि केलेला आहे, आणि तो केवळ अनुभवाच्या रूपानें न ठेवतां ग्रंथांत घालून ठेविला आहे. सुमारें तेराव्या-चौदाव्या शतकांतील शार्ङ्गधरसंहितेंत निरनिराळीं औषधें किती काळ आपला गुण धरून राहतात, याच्या मर्यादा दिलेल्या आहेत. त्यांत चूर्णाची मर्यादा दोन महिन्यांची आहे. गोळ्या व अवलेह यांची एका वर्षाची आहे. आणि आसवें व धातूंचीं भस्में हीं जुनीं होतील तितकीं गुणवान् मानिलेलीं आहेत. चूर्णास एवढी अल्प मर्यादा कां, हें सहज समजण्यासारखें आहे. पदार्थ जितका बारीक कुटावा तितकें त्याचें अधिक अंग हवेस उघडें पडतें, आणि त्याचा सुगंध, तेल व तेज हीं तितक्याच लवकर जातात. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. दोन महिन्यांनंतर चूर्णाचें काय होतें, हें सांगतांना ग्रंथकारानें शब्द योजिला आहे तो 'हीनवीर्य' हा. चूर्ण विषारी होतें असें तो म्हणत नाहीं. त्याचा जोर कमी होतो, एवढेंच म्हणतो. हा एक शब्द ध्यानांत ठेविला, तर आजच्या पाकिटावरील तारखेविषयींचा निम्मा घोटाळा आपोआप मिटतो.

कोरडी वस्तु टिकते कां, याचें उत्तर आधुनिक शास्त्रानें अधिक नेमकें दिलें आहे. सूक्ष्म जंतूंस व बुरशीस वाढण्यासाठीं पाणी लागतें. पदार्थांत एकंदर पाणी किती आहे यापेक्षां जंतूंच्या उपयोगी पडेल असें पाणी किती आहे, हें येथें महत्त्वाचें असतें. शास्त्रज्ञ तें शून्यापासून एकापर्यंतच्या मापानें मोजतात; आणि हें माप ०.६ च्या खालीं गेलें म्हणजे जंतु अगर बुरशी यांची वाढ थांबते. दुधाच्या चांगल्या भुकटींत पाण्याचा अंश शेंकडा ५ हून अधिक नसतो. मार्को पोलोनें तेराव्या शतकांतील मंगोल स्वारांचें वर्णन केलें आहे. त्यांतील प्रत्येक जण सुमारें दहा पौंड वाळविलेलें दूध जवळ बाळगी, आणि सकाळीं त्यांपैकीं अर्धा पौंड चामड्याच्या पिशवींत पाण्याबरोबर घालून घोडदौडींतच तें घुसळून घेई, असें तो लिहितो. या स्वारांस ०.६ चें माप ठाऊक नव्हतें. पण कोरडें तें टिकाऊ, हें त्यांस आमच्या सासूबाईंइतकेंच पक्कें ठाऊक होतें.

यंत्रयुगांत या भुकटीचा व्यापार झाला. हॉर्लिक बंधूंनीं अमेरिकेंत १८७३ सालीं आपला धंदा मांडला व १८८३ सालीं माल्ट घातलेल्या दुधाच्या भुकटीचें पेटंट मिळविलें. ही भुकटी पुढें हिंदुस्थानांत आली आणि आजाऱ्यास व परीक्षेस बसणाऱ्या मुलास द्यावयाची वस्तु म्हणून मध्यमवर्गांत रुळली. मात्र आपल्या देशांतील मुख्य दूध म्हशीचें, आणि म्हशीच्या दुधाची भुकटी होऊं शकत नाहीं, असें परदेशांतील तज्ज्ञ म्हणत असत. एच. एम. दलाया या अभियंत्यानें तें खोटें ठरविलें. १९४२ ते १९४५ या काळांत नगरच्या किल्ल्यांत बंदिवान असलेले पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्तें ३१ ऑक्टोबर १९५५ रोजीं आणंद येथील भुकटीच्या कारखान्याचें उद्घाटन झालें. त्यामागील हेतु साधा होता. हिंवाळ्यांत दूध उदंड होतें व उन्हाळ्यांत आटतें. तेव्हां एका ऋतूचें दूध वाळवून दुसऱ्या ऋतूस पोंचवावयाचें. सातूच्या पिठामागील व पेवामागील हेतूहि याहून वेगळा नव्हता.

आतां पुनः नगर जिल्ह्याकडे वळूं. १९७२ च्या दुष्काळाची आठवण तेथें अद्यापि ताजी आहे. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या माणसांस सुकडी नांवाचें कोरडें पौष्टिक खाद्य मिळे आणि परदेशांतून आलेली मिलो नांवाची तांबडी ज्वारी रेशनवर मिळे. आरंभीं उल्लेखिलेल्या सासूबाई त्या वेळीं आपल्या आईबरोबर अशाच एका कामावर पाट्या उचलीत होत्या. हातीं आलेलें अन्न हुंगून पाहावें, चिमटीनें चाखावें आणि पोरांस द्यावें, एवढीच परीक्षा त्या पिढीस ठाऊक होती. टाकून देण्याचा पर्याय तिच्यापुढें नव्हता. त्याच सुमारास दुधाच्या बाबतींत देशभर मोठी उलाढाल चालू होती. १९७० सालीं सुरू झालेल्या दुग्धयोजनेच्या पहिल्या टप्प्यास युरोपांतील राष्ट्रांच्या अतिरिक्त सांठ्यांतून १,२६,००० टन साय काढलेल्या दुधाची भुकटी व ४२,००० टन लोण्याचें तेल मिळालें. त्यापासून पुनः दूध करून तें मोठ्या शहरांत विकण्यांत आलें, आणि आलेला पैसा दुग्धव्यवसायाच्या वाढीस लावण्यांत आला.

पुढें नगर जिल्ह्यांत संकरित गाई आल्या, संगमनेर, कोपरगांव, राहाता, श्रीरामपूर या भागांत दुधाचे संघ व कारखाने उभे राहिले, आणि दुष्काळाचा जिल्हा दुधाचाहि जिल्हा झाला. परंतु समृद्धीबरोबर नवी विवंचना आली. जास्तीच्या दुधाची भुकटी होते. भुकटीस मुदत असते. मुदत जवळ येऊं लागली आणि बाजारांत उठाव नसला, म्हणजे सांठ्याचें ओझें शेवटीं गोठ्यांतल्या दुधाच्या दरावर पडतें. १ जून २०१७ रोजीं राहाता तालुक्यांतील पुणतांबें येथून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला व ठिकठिकाणीं दूध रस्त्यावर ओतलें गेलें, तेव्हां शेतमालाच्या व दुधाच्या दराचा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रापुढें उभा राहिला. २०१८ सालीं भुकटीच्या पडून राहिलेल्या सांठ्यांनीं दुधाचे दर कोसळले. २०२० सालीं कोरोनाच्या टाळेबंदींत मिठाईचीं दुकानें व खाणावळी बंद पडल्या, तेव्हां राज्य सरकारनें दररोज १० लक्ष लिटरपर्यंत अतिरिक्त दूध खरेदून त्याची भुकटी करविली, आणि नंतर त्यांतील कांहीं भुकटी आदिवासी भागांतील बालकांस व मातांस देण्याचें ठरविलें.

येथें आमच्या मतें या प्रश्नाचें मर्म आहे. घरांतील माणूस आपल्या डब्यापुरता मुखत्यार असतो. तो डबा कोठें ठेविला होता, झांकण नीट लागलें होतें कीं नाहीं, गेल्या पावसाळ्यांत तो उघडला गेला कीं नाहीं, हें त्यास ठाऊक असतें. तो पाहूं शकतो, हुंगूं शकतो, आणि नको वाटलें तर नाकारूं शकतो. अंगणवाडींतील मुलास किंवा दुष्काळी कामावरील मजुरास यांतील एकहि गोष्ट करतां येत नाहीं. भुकटी कोणत्या गोदामांत, किती ओलींत, किती महिने पडून होती, हें त्यास कोणी सांगत नाहीं; त्याच्यासाठीं पाकिटावरील तारीख हाच एकमेव साक्षीदार असतो. म्हणून जी तारीख स्वतःच्या घरांत विवेकानें ओलांडतां येते, ती दुसऱ्याच्या, विशेषतः दुबळ्याच्या, मुखीं अन्न घालतांना मुळींच ओलांडूं नये. जुना माल गरिबास चालतो, ही समजूत शास्त्राच्या नांवाखालीं खपवितां कामा नये.

कायद्यानेंहि हा भेद कांहीं अंशीं ओळखिला आहे. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याच्या जागीं २००६ सालीं अन्नसुरक्षा व मानदें यांचा कायदा आला. त्याखालील नियमांत दोन तारखा मानिल्या आहेत. 'बेस्ट बिफोर', म्हणजे अमुक दिवसापर्यंत उत्तम, ही पहिली. या दिवसापर्यंत माल सांगितलेल्या रीतीनें ठेविला असतां त्याचे सर्व गुण कायम राहतील; त्यानंतर गुण उणावले तरी माल खाण्यास पूर्णपणें निर्धोक असूं शकतो, असें नियमाच्या व्याख्येंतच म्हटलें आहे. 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' ही दुसरी. ती उलटल्यावर मालाच्या गुणाची व निर्धोकपणाची हमी राहत नाहीं, आणि तो विकतां येत नाहीं. पहिली तारीख शार्ङ्गधराच्या 'हीनवीर्य' शब्दाची आधुनिक बहीण आहे. दुसरी मात्र हद्दीचा दगड आहे. २०२० च्या नियमांनीं ही दुसरी तारीख आवश्यक करून पहिली ऐच्छिक केली. त्यामुळें आज पाकीट हातीं घेतांना तारीख कोणती, याच्याबरोबर ती कोणत्या जातीची, हेंहि वाचलें पाहिजे.

आतां निरनिराळ्या भुकट्यांविषयीं थोडें सांगूं. लिंबू-संत्र्याच्या सरबताच्या भुकटींत मुख्य भाग साखरेचा, व त्याखालोखाल आंबट क्षारांचा असतो. साखर कोरडी राहिली तर नासत नाहीं. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेनें तर घन साखरेस तारखेची सक्तीच ठेविलेली नाहीं. अशा भुकटीचा रंग व सुगंध उतरतो, जीवनसत्त्व घालून दिलेलें असल्यास तें क्षीण होतें. अपाय होण्याचें कारण सहसा राहत नाहीं. साय काढलेल्या दुधाच्या भुकटींत स्निग्धांश शेंकडा दीडाहून अधिक नसतो. तीहि बराच काळ टिकते, मात्र जुनी होतां होतां पिवळसर पडते व तिच्या प्रथिनांचा कस कमी होतो. सायीसकट वाळविलेल्या दुधाच्या भुकटींत स्निग्धांश शेंकडा २६ किंवा अधिक असतो, आणि हवा लागली कीं तो खंवट होतो. माल्ट, कोको व दूध एकत्र केलेल्या भुकट्या या दोहोंच्या मध्यें येतात. त्या हवेंतील ओल मोठ्या हौसेनें शोषून घेतात, म्हणून एकदां उघडल्यावर त्यांची छापील मुदत जवळजवळ निरर्थक होते.

खरा धोका तारखेच्या बाहेर आहे, आणि तो तारखेच्या आंतहि येऊं शकतो. ओल शिरली कीं बुरशी येते, आणि कांहीं बुरश्यांचें विष घरच्या शिजविण्यानें नाहींसें होत नाहीं. १९७४ सालाच्या अखेरीस राजस्थान-गुजरातच्या सीमेवरील आदिवासी खेड्यांत अवकाळी पावसानें भिजलेला व बुरसटलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसें यकृताच्या विकारानें दगावलीं. तो मका त्याच हंगामाचा होता. उष्ण व दमट हवेंत उघड्या पिठांत डोळ्यांस न दिसणारे किडे होतात, व ज्यांस ते सोसत नाहींत त्यांचा श्वास कोंडूं शकतो. सॅल्मोनेलासारखे जंतु कोरड्या भुकटींत वाढत नसले तरी महिनोन् महिने जिवंत राहूं शकतात, व पाणी मिळतांच जोर धरतात. म्हणून कालविलेलें पेय ताबडतोब प्यावें, तें तसेंच ठेवूं नये. आणि तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीच्या बाबतींत तर तारखेशीं कसलीहि सवलत घेऊं नये. तें मूल दुसरें कांहीं खात नाहीं. भुकटींतील जीवनसत्त्वें उणावलीं तर त्याचें सारें पोषणच उणावतें, आणि त्याचें शरीर जंतूंशीं झुंजण्यास समर्थ झालेलें नसतें. १९९२ च्या शिशुआहारविषयक कायद्यानें अशा डब्यांवर सेवनाची शेवटची तारीख सक्तीनें लिहावयास लाविली, ती उगीच नव्हे. येथें हीनवीर्य हेंच विषाइतकें वाईट ठरूं शकतें.

पारनेरच्या ओसरीवर आम्हीं पाकीट फोडून पाहिलें. भुकटी मोकळी, कोरडी व वाळूसारखी सरसरीत होती. रंग थोडा फिकटला होता. तिचें सरबत करावयास आम्हीं सांगितलें. डबा उघडला, तो गेल्या श्रावणांत फोडलेला निघाला. वरची भुकटी बरी दिसत होती, परंतु चमचा तळाशीं घातला तेव्हां ओलसर ढेंकळें हातीं आलीं व कोंदट वास सुटला. सासूबाईंनीं स्वतःच तो नाकाशीं नेला आणि कांहीं न बोलतां सूनबाईंच्या हातीं परत दिला. त्यानंतर त्या म्हणाल्या, "वरवर हुंगलं होतं मी. तळ बघायला पाहिजे होता." डबा उकिरड्यावर गेला. सरबत सर्वांनीं घेतलें; स्वाद थोडा कमी होता, पण त्या उन्हांत तें गोड लागलें. पाळण्यांतील नातवास मात्र त्यांतील थेंबहि देऊं नये, असें आम्हीं म्हणणार होतों; पण त्यापूर्वींच सूनबाईंनीं त्यास उचलून आंत नेलें होतें.